कुत्र्याची जात आणि मालकाचे दायित्व

किल्ले रायगडावरील वाघ्या कुत्र्याचा पुतळा महाराष्ट्रात वारंवार वादाचा विषय ठरला आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये संभाजी ब्रिगेडच्या कार्यकर्त्यांनी तो चौथऱ्यावरून उखडला आणि काही दिवसांतच तो पुन्हा बसविला गेला. मार्च २०२५ मध्ये माजी खासदार संभाजीराजे छत्रपती यांनी तो हटविण्याची मागणी मुख्यमंत्र्यांकडे केली आणि वाद नव्याने पेटला. राम गणेश गडकरी यांच्या 'राजसंन्यास' नाटकाने घरोघरी पोहोचविलेला हा वाघ्या इतिहासातला की कल्पनेतला, याचा निवाडा इतिहासकारांनी पुराव्यानिशी करावा. परंतु ज्या जिल्ह्यात पुतळ्याच्या कुत्र्यासाठी एवढी शक्ती खर्ची पडते, त्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील जिवंत कुत्र्यांचा प्रश्न मात्र कोणाच्याच विषयपत्रिकेवर नसावा, हे समाजाच्या अग्रक्रमांविषयी बरेच काही सांगून जाते. त्या पुतळ्याने कोणाला चावा घेतलेला नाही. जिवंत कुत्रा चावतो, आणि तो चावला की बोट दाखवायला प्रत्येकाला दुसरा कोणी तरी हवा असतो.

मांडव्यापासून श्रीवर्धन-हरिहरेश्वरपर्यंतचा रायगडचा किनारा गेल्या दोन-तीन दशकांत झपाट्याने बदलला. आवास, सासवणे, किहीम, नागाव, काशीद ही कधी काळी नारळी-पोफळीच्या वाड्यांची शांत गावे होती. आज त्या वाड्यांच्या गडग्यांच्या जागी उंच भिंती आल्या आहेत आणि भिंतींच्या आत मुंबईकरांची शनिवार-रविवारची घरे. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा सुरू झाली आणि गाडी थेट बोटीतून किनाऱ्यावर उतरू लागली. तिच्यासोबत घरचा कुत्राही उतरू लागला. त्यात गैर काहीच नाही. प्रश्न निर्माण होतो तो बंगल्याच्या राखणीसाठी म्हणून आणलेल्या, धिप्पाड आणि दांडग्या कुत्र्यांचा. मालक आठवड्यातून दोन दिवस येणार, उरलेले पाच दिवस कुत्रा साखळीला किंवा पिंजऱ्यात. त्याचा सांभाळ करणार बंगल्याचा माळी किंवा राखणदार, ज्याने असा कुत्रा आयुष्यात कधी पाळलेला नाही आणि ज्याला कोणी काही शिकविलेलेही नाही. फाटक उघडे राहिले की तोच कुत्रा शाळेच्या वाटेवर, मासळी वाळविणाऱ्या कोळणींच्या खळ्यात किंवा पुळणीवर खेळणाऱ्या मुलांत. अशा कुत्र्याने एखाद्या पोराला फाडले, तर शिक्षा कोणाला? कुत्र्याला दगड, राखणदाराला शिव्या आणि मालक नामानिराळा. ही रीत बदलल्याखेरीज कुत्र्यांची कोणतीही जात दोषी ठरवून काही साधणार नाही.

देशात ही चर्चा ऐरणीवर आली ती एका भीषण घटनेने. जुलै २०२२ मध्ये लखनौ येथे ८२ वर्षांच्या एका निवृत्त शिक्षिकेचा घरच्याच पिटबुल कुत्र्याच्या हल्ल्यात मृत्यू झाला. त्यानंतर अशा घटनांच्या बातम्या ठळकपणे छापून येऊ लागल्या, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि १२ मार्च २०२४ रोजी केंद्रीय पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र पाठवून पिटबुल, रॉटवायलर, तोसा, फिला ब्राझिलेरो, डोगो अर्जेंटिनो, केन कोर्सो आदी २३ जातींची आयात, पैदास व विक्री थांबविण्यास सांगितले. आधीपासून घरात असलेल्या अशा कुत्र्यांची नसबंदी करावी, असेही त्यात होते. महिनाभरातच, एप्रिल २०२४ मध्ये, कर्नाटक उच्च न्यायालयाने हे परिपत्रक रद्द ठरविले. संबंधितांचे म्हणणे ऐकून न घेता असा सरसकट निर्णय घेता येणार नाही, ही त्यामागची भूमिका. मधल्या काळात ज्यांच्याकडे असे कुत्रे होते, त्यांतील अनेकांना शेजाऱ्यांच्या आणि सोसायट्यांच्या रोषाला तोंड द्यावे लागले. बंदी आली, गेली आणि किनाऱ्यावरील बंगल्यांचे फाटक उघडेच राहिले.

जातीवर बंदी घालावी असे वाटणाऱ्यांचे म्हणणे अगदीच निराधार आहे, असे नाही. कुत्र्याच्या जाती माणसाने विशिष्ट कामांसाठी घडविल्या. इंग्लंडमध्ये बैलांवर कुत्रे सोडण्याचा क्रूर खेळ चालत असे. १८३५ मध्ये कायद्याने तो बंद झाल्यावर शौकीन मंडळी कुत्र्यांच्याच झुंजी लावू लागली आणि त्या झुंजींसाठी बुलडॉग व टेरियर यांच्या संकरातून जे कुत्रे निपजले, त्यांचे वंशज म्हणजे आजचे पिटबुल. रॉटवायलर हा जर्मनीतील रॉटवाइल गावच्या खाटकांचा, गुरे हाकणारा व गाडे ओढणारा कुत्रा. डॉबरमन तयार केला करवसुली करणाऱ्या एका जर्मन गृहस्थाने, स्वतःच्या संरक्षणासाठी. जर्मन शेफर्ड हा मूळचा मेंढपाळाचा साथी. शरीराची ताकद, जबड्याची पकड, धरलेले न सोडण्याची चिकाटी या गोष्टी पिढ्यान् पिढ्यांच्या निवडीतून आल्या आहेत. पामेरियन चिडला तर पोटरीला ओरखडा निघेल, पिटबुल चिडला तर जीव जाईल. हा फरक नाकारणारे प्राणिप्रेमी स्वतःचीही फसवणूक करतात आणि समाजाचीही.

मात्र ताकद आणि स्वभाव या दोन निराळ्या गोष्टी आहेत. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतील संशोधकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून मिळालेली माहिती आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांची जनुकीय तपासणी यांच्या आधारे त्यांनी निष्कर्ष काढला की, एका कुत्र्याचे वागणे दुसऱ्याहून वेगळे का, याचे उत्तर जातीत शोधू गेल्यास जेमतेम ९ टक्के उत्तर हाती लागते. चिथावणीने किती लवकर चिडायचे, याचा तर जातीशी संबंध फारच थोडा आढळला. म्हणजे कुत्र्याने चावा घेतला तर तो किती खोल जाईल, हे त्याची जात सांगते. तो चावेल की नाही, हे मुख्यतः त्याचे संगोपन आणि त्याचा मालक ठरवितो.

परदेशांचा अनुभवही हेच सांगतो. ब्रिटनने १९९१ मध्ये धोकादायक कुत्र्यांचा कायदा करून चार जातींवर बंदी आणली. तीन दशकांनंतरही प्रश्न सुटला नाही. लोकांनी यादीत नसलेला दांडगा कुत्रा शोधला आणि २०२३-२४ मध्ये 'एक्सएल बुली' या नव्या प्रकाराची यादीत भर घालावी लागली. नेदरलँड्सने १९९३ मध्ये आणलेली पिटबुलबंदी २००८ मध्ये मागे घेतली, कारण तिने चाव्यांचे प्रमाण घटल्याचे दिसले नाही. याउलट कॅनडातील कॅलगरी शहराने जातीचा विचार सोडून मालकाचे दायित्व हा आधार धरला. प्रत्येक कुत्र्याचा परवाना, नियम मोडल्यास जबर दंड आणि लोकशिक्षण, अशी ही त्रिसूत्री जगभर नावाजली गेली.

मालकाला जबाबदार धरण्याचे हे तत्त्व भारताला पश्चिमेकडून शिकावे लागावे, अशी मात्र स्थिती नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आणि याज्ञवल्क्य स्मृतीच्या व्यवहाराध्यायात याविषयीचा स्पष्ट दंडक आहे. शिंगांच्या किंवा दाढांच्या जनावराने कोणावर हल्ला केला आणि त्याचा धनी समर्थ असूनही त्याने त्या माणसाची सुटका केली नाही, तर धन्याला 'प्रथम साहस' दंड; आणि संकटात सापडलेल्याने हाक मारूनही धनी स्वस्थ राहिला, तर दंड दुप्पट. दोन हजार वर्षांच्या आसपासच्या या नियमाचे मर्म लक्षात घेण्यासारखे आहे. स्मृतिकार जनावराची जात विचारत नाहीत, ते धन्याचे सामर्थ्य आणि त्याचा निष्काळजीपणा तपासतात. हाक ऐकूनही न धावणारा अधिक दोषी, ही सूक्ष्म न्यायबुद्धी आजच्या अनेक परिपत्रकांत आढळत नाही.

आजचा कायदाही याच दिशेचा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार, ताब्यातील प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभाव्य धोका टाळण्यासाठी पुरेशी खबरदारी न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास अथवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. यातील 'संभाव्य' हा शब्द मोलाचा आहे. कुत्रा चावेपर्यंत वाट पाहण्याची कायद्याला गरज नाही; धोका दिसत असताना फाटक उघडे टाकणे हाच गुन्हा आहे. कुत्र्यावरील अन्यायाचीही कायद्याने दखल घेतली आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार कायम साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरविले नाही तर तो गुन्हा ठरतो, त्याला वाऱ्यावर सोडून देणे हाही गुन्हा ठरतो. दंड मात्र पहिल्या वेळी १० ते ५० रुपये! पंचतारांकित बंगल्याच्या मालकाला या रकमेचे भय ते काय वाटणार? कायद्यातील हे विनोदी आकडे बदलण्याची मागणी जुनी आहे आणि ती रास्त आहे.

कुत्रा आक्रमक कसा होतो, हे समजून घेतले तर निम्मा प्रश्न सुटेल. पिल्लाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ त्याच्या आयुष्यातला संस्कारांचा काळ असतो. या काळात त्याने लहान मुले, वृद्ध, अनोळखी माणसे, वाहने, इतर जनावरे यांचा निर्भय परिचय करून घेतला, तर मोठेपणी त्याला त्यांची भीती वाटत नाही. आणि कुत्र्याच्या बहुतेक चाव्यांमागे भीतीच असते. आईपासून लवकर तोडलेले, पिंजऱ्यात वाढलेले पिल्लू हे सारे कधी शिकतच नाही. म्हणूनच २०१७ च्या श्वान पैदास नियमांनी पैदासकाराची नोंदणी बंधनकारक केली आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लाच्या विक्रीस मनाई केली. हे नियम किती ग्राहक विचारतात? पिल्लू विकत घेताना कागद न मागणारा ग्राहकच अनधिकृत पैदाशीचा पोशिंदा असतो.

पुढची चूक साखळीची. दिवसरात्र बांधलेल्या कुत्र्याला पळून जाता येत नाही. म्हणून तो अंगावर येतो. तिसरी चूक गुरगुरण्याला मारण्याची. अंग ताठ करणे, नजर रोखणे, ओठ मागे घेणे, गुरगुरणे हे कुत्र्याचे इशारे आहेत. गुरगुरला म्हणून काठी बसली की तो गुरगुरणे सोडतो, पण त्याच्या मनातली भीती जात नाही; मग तो इशारा न देता चावतो आणि 'कुत्रा एकाएकी उलटला' असे सांगितले जाते. चौथी चूक मुलांना कुत्र्याजवळ एकटे सोडण्याची. खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळ असलेल्या कुत्र्याला हात लावू नये, धावून येणाऱ्या कुत्र्यापुढे पळू नये, त्याच्या डोळ्यांत डोळे घालून पाहू नये, हे घरातल्या आजी-आजोबांनी नातवंडांना पाढ्यांसारखे शिकवावे.

विदेशी जातींच्या हौसेत आणखी एक अविचार आहे. सैबेरियाच्या बर्फात घसरगाडी ओढण्यासाठी घडलेला, दुहेरी लोकरीचा हस्की कोकणच्या दमट उकाड्यात पाळणे, हा त्या मुक्या जिवाचा छळ आहे. उकाड्याने, गोचिडांनी आणि एकटेपणाने हैराण झालेला कुत्रा चिडखोर होणारच. आपल्या मातीत वाढलेल्या जाती कमी नाहीत. पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा आणि सीमाभागात मेंढपाळांनी व शिकाऱ्यांनी जोपासलेला कारवान; घोरपडे राजघराण्याने ज्याची कीर्ती वाढविली तो मुधोळ; दक्षिणेतील राजापालयम, चिप्पीपराई; उत्तरेतील रामपूर हाउंड. २००५ मध्ये डाक विभागाने यांतील काहींवर तिकिटे काढली, ३० ऑगस्ट २०२० रोजी 'मन की बात'मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी देशी जाती पाळण्याचे आवाहन केले आणि भारतीय सैन्यानेही मुधोळ कुत्र्यांना प्रशिक्षण दिले. ही अभिमानाची गोष्ट आहे. मात्र येथेही सावध राहिले पाहिजे. मुधोळ हा मैलोन्‌मैल धावणारा शिकारी कुत्रा आहे. दोन खोल्यांच्या सदनिकेत कोंडला तर तोही बिघडेल. स्वदेशीचा अर्थ देशी वस्तूची हौस असा नसून, आपल्या परिस्थितीला साजेल ते निवडणे आणि निवडले ते निभावणे, असा आहे. आणि राखणीसाठी इमानी साथीदार हवा असेल, तर कोकणच्या हवेला सरावलेला गावठी कुत्रा कोणत्याही खळ्यात उपलब्ध आहे.

पाळीव कुत्र्यांच्या जोडीला भटक्या कुत्र्यांचा प्रश्न आहेच, आणि या दोहोंमधली भिंत वाटते तेवढी पक्की नाही. नसबंदी न केलेला, मोकाट सुटलेला पाळीव कुत्रा भटक्यांची संख्या वाढवितो. हौस फिटल्यावर सोडून दिलेला तर स्वतःच भटका होतो. त्यावर किनाऱ्यावरील मासळीचे टाकाऊ अवशेष आणि पर्यटकांनी फेकलेले उष्टे यांवर टोळ्या पोसल्या जातात. याची झळ केवळ माणसांना बसत नाही. दिवेआगर, हरिहरेश्वर, मारळ येथील पुळणींवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. वन विभाग आणि स्थानिक ग्रामस्थ रात्री जागून ती घरटी सुरक्षित ठेवतात, कारण वाळू उकरून अंडी फस्त करणाऱ्यांत कुत्रेही असतात. एकीकडे कासव महोत्सवाला गर्दी करायची आणि दुसरीकडे त्याच किनाऱ्यावर उष्टे टाकायचे, ही विसंगती पर्यटकांनी ओळखली पाहिजे.

भटक्या कुत्र्यांविषयी सर्वोच्च न्यायालयात २०२५ मध्ये जे घडले, ते सर्वांना स्मरत असेल. ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातील सर्व भटके कुत्रे उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश झाला. २२ ऑगस्टला तो बदलून, पिसाळलेले व आक्रमक वगळता इतर कुत्रे नसबंदी व लसीकरणानंतर मूळ जागी सोडावेत असे ठरले. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके येथून त्यांना हटविण्याचे निर्देश आले. न्यायालय आदेश देऊ शकते; कुत्रा पकडणारे मनुष्यबळ, शस्त्रक्रिया करणारा पशुवैद्य आणि नोंदी ठेवणारा कर्मचारी स्थानिक संस्थेनेच उभा करायचा असतो. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी ही जबाबदारी नगरपालिकांप्रमाणे पंचायतींवरही टाकली आहे. पंधराशे वस्तीच्या ग्रामपंचायतीला हे एकटीने झेपणार नाही, हे उघड आहे. म्हणूनच अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन अशा तालुक्यांतील ग्रामपंचायतींनी एकत्र येऊन फिरते शस्त्रक्रिया पथक चालविणे आणि बंगलेमालकांच्या करांतून त्याचा खर्च भागविणे, हाच व्यवहार्य मार्ग दिसतो. विष घालून कुत्रे मारणे हा मात्र कायद्याने गुन्हा आहे आणि धर्माने पाप. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाच्या भावांनी यज्ञस्थळी आलेल्या सरमेच्या निरपराध पिल्लाला मारले, तेव्हा त्या देवशुनीने थेट राजाला जाब विचारला आणि शापही दिला. ज्याने हविर्द्रव्याकडे पाहिलेही नाही, त्याला मारले का, या तिच्या प्रश्नाला राजसभेकडे उत्तर नव्हते.

या साऱ्याच्या मुळाशी एक प्राणघातक वास्तव आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भारतात दरवर्षी सुमारे २० हजार माणसे रेबीजने मरतात. जगातील अशा मृत्यूंपैकी एकतृतीयांशाहून अधिक. केंद्र सरकारकडील नोंदीप्रमाणे २०२४ या एका वर्षात देशात कुत्रे चावण्याच्या ३७ लाखांहून अधिक घटना घडल्या. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर उपाय नाही, पण वेळेवर लस घेतल्यास तो टाळता येतो. चावा किंवा ओरखडा लागताच जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुणे, हा पहिला आणि सर्वांत स्वस्त उपचार. चुना, मिरचीपूड, हळद, तेल यांपैकी काहीही लावू नये. त्यानंतर विनाविलंब सरकारी दवाखाना गाठून लसीचे सर्व डोस पूर्ण करावेत. जखम खोल असेल तर रेबीजविरोधी प्रतिद्रव्य, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनही टोचून घ्यावे लागते. पोटात चौदा इंजेक्शने देण्याची जुनी पद्धत बंद होऊन दोन दशके लोटली. आता लस दंडात, चार-पाच वेळाच दिली जाते. त्या जुन्या भीतीने आजही कोणी टाळाटाळ करीत असेल, तर त्याला हाताला धरून नेणे हे शेजाऱ्याचे कर्तव्य आहे. २०३० पर्यंत कुत्र्यांपासून होणारा रेबीज हद्दपार करण्याचा राष्ट्रीय आराखडा २०२१ मध्ये जाहीर झाला. त्यासाठी किमान ७० टक्के कुत्र्यांना लस मिळणे आवश्यक मानले जाते. पाळीव कुत्र्यांचेच लसीकरण अपुरे राहिले, तर भटक्यांविषयी बोलण्याचा अधिकार कोणाला?

तेव्हा करायचे काय, हे पुरेसे स्पष्ट आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीने पाळीव कुत्र्यांची नोंदवही ठेवावी; त्यात मालकाचे नाव, पत्ता, लसीची तारीख आणि मालक गावात नसताना कुत्र्याची जबाबदारी कोणाची, याची लेखी नोंद असावी. दांडग्या जातींच्या मालकांना भक्कम कुंपण, सार्वजनिक जागी आखूड पट्टा व तोंडाला मुसके बंधनकारक असावे आणि कुत्रा मोकाट सापडल्यास दंड मालकाकडून वसूल व्हावा, राखणदाराकडून नव्हे. उपाहारगृहांनी व निवासांनी पाळीव प्राण्यांचे स्वागत करताना लसीचा दाखला पाहावा. शाळांत वर्षातून एकदा पशुवैद्याचे व्याख्यान व्हावे. गावोगावच्या कार्यकर्त्यांना यात मोठे काम आहे. लसीकरण शिबिराच्या दिवशी पाड्यांवरील आणि कोळीवाड्यांतील कुत्रे एकत्र आणणे, चावा झालेल्या घराशी संपर्क ठेवून पाचवा डोसही घेतला गेला की नाही हे पाहणे, ही कामे कोणत्याही भाषणापेक्षा मोलाची आहेत. आणि कुत्रा पाळू इच्छिणाऱ्या कुटुंबाने पिल्लू घरी आणण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत : पुढची दहा-बारा वर्षे रोज सकाळ-संध्याकाळ त्याला फिरविणार कोण? आपण घरी नसताना त्याच्यापाशी थांबणार कोण? आणि त्याने कोणाला इजा केली, तर पुढे होऊन उत्तर देणार कोण?

महाप्रस्थानाच्या वाटेवर सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गात जाण्यास युधिष्ठिराने नकार दिला, ही कथा घराघरांत सांगितली जाते. ती सांगताना आश्रिताविषयीच्या प्रेमावर भर दिला जातो, ते योग्यच आहे. मात्र त्या कथेत दायित्वाचाही धडा आहे. ज्याला सोबत घेतले, त्याचा भार शेवटपर्यंत उचलायचा आणि त्याच्यामुळे येणाऱ्या प्रश्नाला स्वतः सामोरे जायचे. हे ज्याला शक्य नाही, त्याने दारात कुत्रा न बांधणे हेच कुत्र्याच्याही आणि गावाच्याही हिताचे आहे.